तंबूतला वकील आणि आमचे हे

भोरला नीरेच्या काठी फिरत्या सिनेमाचा तंबू लागला. त्यात कोर्टाची गोष्ट आहे असं कळलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "त्यासाठी तिकीट कशाला? मी रोज फुकट बघतो." वकील माणूस. तरी मी हट्ट धरला आणि गेलो.

काय झकपक सिनेमा होता! खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेली नायिका पिंजऱ्यात उभी, पण साडीची एक चुणी मोडलेली नाही. डोळ्यांत पाणी यायचं ते पापणीवर थांबायचं, आणि नायक वकिलाने तिच्याकडे पाहिलं की मगच ओघळायचं. तो तर विचारूच नका. केसांचा कोंबडा, भुवई अर्धी वर, आणि काळा झगा असा झटकायचा की मला ह्यांच्या कोपराला ठिगळ लावलेल्या कोटाची दया आली. शेवटी बोलता बोलता तो थांबला, गर्दीकडे बोट रोखलं, आणि मागच्या बाकावरचा खरा खुनी आपण होऊन उठून उभा राहिला. तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या. फक्त आमचे हे मोठ्याने म्हणाले, "शपथ नाही, जबानी नाही, असं चालतच नाही!" पुढचा माणूस वळून म्हणाला, "ओ म्हातारबाबा, गप ऱ्हावा की." हे तेव्हा पस्तिशीचे होते.

त्या वेळी उत्रोलीचा एक तरुण शेतकरी ह्यांचा अशील होता. गावच्या पाटलाच्या भाताच्या उडव्या, म्हणजे कापून रचून ठेवलेला भात, जळाल्या होत्या आणि आदल्याच दिवशी बांधावरून दोघांचं वाजलं होतं. आळ ह्याच्यावर आला. गुन्हा शाबित झाला तर तुरुंग ठरलेला. आणि हा बाबा स्वतःच्या वकिलापाशीसुद्धा तोंड उघडेना. काही विचारलं की जमिनीकडे बघायचा. हे वैतागून म्हणायचे, "दगडाला पाझर फुटेल, पण ह्याला नाही."

त्याची बायको आमच्या ओसरीवर येऊन बसायची. सगळ्या उत्रोलीने सिनेमा पाहिला होता, तिनेही. "वकीलसायेब," ती म्हणाली, "माजा मालक त्यातला न्हाई. तुमी त्या शिनेमातल्यावानी बोट दावा. ज्यानं केलं त्यो उठंल." खऱ्या कोर्टात तसं होत नाही, हे ह्यांनी तिला बराच वेळ समजावलं. सगळं ऐकून ती माझ्याकडे वळली, "वकीलीणबाई, तुमीच सांगा त्यास्नी." तारखेला सोबत म्हणून तिने मलाही ओढून नेलं.

ह्यांना काम करताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगते, हिरमुसले. आवाज शेजाऱ्याकडे विरजण मागावं तसा. झटकणं दूरच, निम्मा वेळ चष्मा पुसण्यात. मागे उत्रोलीची मंडळी दाटीवाटीने बसलेली, बोट कधी उठतंय याची वाट बघत. आरोपीच्या वयस्कर वडिलांना त्यांनी मानाने पुढे बसवलं होतं.

आता ह्यांना तपकिरीचं व्यसन. शिंक येऊ घातली की हे बोलणं थांबवतात, बोट वर करतात आणि ती येईपर्यंत तसेच उभे राहतात. घरात आम्हीही तेवढा वेळ थांबायचो. त्या दिवशी भर कोर्टात तेच झालं. वाक्य अर्धं राहिलं, बोट उठलं आणि तेही नेमकं मागच्या मंडळींकडे.

आणि आरोपीचे वडील हात जोडून उठले. "व्हय, सायेब. चिलीम माजी व्हती. उडवीच्या आडोशाला वडत बसलो, इंगळ पडला. भ्यालो आन् पळालो. पोराला ठावं हाय."

मग ह्यांची शिंक आली.

ती कोणी ऐकली नाही, कारण पिंजऱ्यातला तो मुका ओरडला, "आबा, खाली बसा! सायेब, त्येंचं ऐकू नगा, म्याच लावली आग!" इतके दिवस तोंड का मिटलं होतं ते तेव्हा कळलं. नायिकेचं ते पापणीवर थांबणारं पाणी मला फार आवडलं होतं. ह्याच्या नाकाडोळ्यांतून एकदमच वाहायला लागलं आणि मला बघवेना.

पुढे चौकशी होऊन तो अपघात ठरला. मुलगा सुटला, वडिलांना तंबी मिळाली. बाहेर येताना हे कोट नीट करत म्हणाले, "युक्तिवाद तसा बिनतोडच होता." मी हसू दाबलं.

बाप-लेक कोर्टाच्या पायरीवर एकमेकांना टेकून बसले होते. त्याची बायको त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता आनंदाने देवाला हात जोडेल.

"ज्यानं केलं त्येचं वाटुळं कर, म्हणून म्या रोज देवाला सांगत व्हते," ती म्हणाली, "आन् त्याच हातानं मामंजींना भाकरी वाढत व्हते. एकानं तरी सांगायचं व्हतं मला."

आणि सासऱ्यांच्या पायांशी बसून ती भडभडून रडली.