चिकूच्या साखरेतली चरबी

हेमाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या शाळेत नववीचे पेपर तपासत होते. "सुनंदाताई, हेमा गेली," एवढंच तो म्हणाला. वर्षभर आजारपण चाललं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही... नुसता थकवा आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती आगर गावची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. गुजरातेत साबणाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून परतली आणि चिखले गावातल्या एका वाडीत चिकू ठेवायची खोली घेऊन तिने प्रयोगशाळा थाटली. साबणाला लागणारी स्निग्धाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिडं, पामतेलातून येतात, ती यीस्टकडून करून घ्यायची, हा तिचा ध्यास. झाडाखाली सडणाऱ्या चिकूंचा रस काढायचा आणि त्यातल्या साखरेवर यीस्ट वाढवायचं. नायट्रोजन कमी ठेवला की ते साखरेची चरबी करून अंगात साठवतं. ऐकायला सोपं. पण लाईट गेली की हवेचा पंप बंद, आणि पंप बंद की दुसऱ्या जंतूंचं फावतं. दर रविवारी मी जायची आणि आम्ही दोघी आंबलेल्या रसाचे कॅन ओतून द्यायचो. अशी सहा वर्षं.

मग एकदा जमलं. यीस्टमधून काढलेल्या चरबीचा बशीत मेणासारखा पांढरा थर धरला. आम्ही तो बोटांवर चोळत बसलो.

एका कंपनीचे साहेब बघायला आले. "मॅडम, दर खेपेला एवढं निघतं असं लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो."

"एकदाच निघालंय," हेमा म्हणाली. "पुन्हा निघालं की लिहून देते."

ते चहा पिऊन गेले, ते गेलेच. मी चिडले. "दिलं असतंस लिहून तर काय बिघडलं असतं?"

"अगं, ते मोठी टाकी बांधतील. ती आंबली की ओतायला कोण जाणार, आपण दोघी?"

दुसऱ्यांदा जमलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मी एकटीने केलं आणि वाटी घेऊन आगरला गेले. तिने वास घेतला.

"वजन केलंस?"

"केलं."

"मग पुन्हा कर."

आमचं तेवढंच शेवटचं बोलणं.

वाडीतल्या खोलीत तिच्या फ्रिजमध्ये यीस्टच्या नळ्या आहेत, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख. महिन्याला ते नव्या नळीत न्यावं लागतं, नाहीतर मरतं. कंटाळा येतो. तरी बसने जाते, बर्नर पेटवते, दुसरे जंतू मरावेत म्हणून तार तापवून निववते आणि तिच्या टोकाने एका नळीतलं यीस्ट दुसरीत नेते. नव्या नळ्यांवर आता माझं अक्षर आहे. परवा, नळ्या बदलल्यावर चार दिवसांनी, एक उघडून पाहिली, तर सायीसारखं दाट वाढलं होतं.