अण्णांनी न खोडलेला शब्द

आज कोरमंगलाच्या ऑफिसात नोकरी सोडण्याचा फॉर्म भरताना स्क्रीनवर दोन शब्द एकाखाली एक आले: रिझाइन्ड, रिटायर्ड. मी पहिल्यावर खूण केली आणि होसकोट्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी सातवीत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी इंग्रजीची वही रोज लाल पेनने तपासायचे. ‘टीच’ आणि ‘लर्न’मध्ये घोळ घातला, तर जेवणाआधी दहा वाक्यं लिहावी लागायची.

त्या संध्याकाळी निबंधात मी लिहिलं होतं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, ‘माय फादर इज रिटायर्ड.’ महिनाभर ते फॅक्टरीत जात नव्हते, म्हणून. लाल पेन त्या शब्दावर टेकलं आणि तिथेच राहिलं. आईने फोडणीत कढीपत्ता टाकला.

“अहो, राहू दे की,” ती पाठमोरीच म्हणाली.

अण्णांनी पुढच्या ओळीतलं एक स्पेलिंग सुधारून सही केली.

“बाकी बरोबर?” मी विचारलं.

“सरी आहे,” ते म्हणाले. ‘बरोबर’ला ते कानडीतलं ‘सरी’च म्हणायचे.

माझं इंग्रजी सुधारलं, या आनंदात मी जेवले. कंपनीने त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता, हे आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. अण्णा तेव्हा बेचाळीसचे होते, आणि त्या दोन शब्दांतला फरक घरात फक्त मलाच माहीत नव्हता.