नावेची वरची बाजू

मिल बंद पडली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्या हिंदी मुलखातल्या बिर्लानगर या मिलच्या वस्तीतल्या खोलीत बाबा दिवसभर नुसते बसून असायचे आणि आई लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. त्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. आज शाळेत फिजिक्स शिकवते. हे अशासाठी सांगतेय की भुतंखेतं, अंगारे-धुपारे यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आताही बसलाय असं नाही... पण जे झालं ते झालं.

कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमुळे मी आणि माझी मैत्रीण केतकी गावाजवळच्या तिघरा धरणावर शिडाची नाव चालवायला शिकलो. तिचा मोठा भाऊ विनूदादाही यायचा. चांगला धिप्पाड. वाऱ्यानं नाव एका अंगाला कलली की उचललेल्या बाजूवर बसायचं, तळाच्या पट्ट्यात पाय अडकवायचे आणि बाहेर रेलायचं. ते काम दादाचं. "तुम्ही दोघी म्हणजे पापड! वजन मीच," म्हणायचा.

दादा आजारपणात गेला आणि केतकीनं सुकाणूला हात लावणं सोडलं. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा भोपाळच्या तलावावर मुलांना नाव शिकवायची नोकरी तिला चालून आली होती. जायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचं होतं. ती नाहीच म्हणणार होती.

"एक चक्कर मारू, मग म्हण नाही," मी म्हटलं.

"मास्तरीण झाल्यापासून फार डोकं खातेस यार तू!"

पण आली. सुकाणू मीच धरलं. धरणावरूनच तिला स्टेशनवर सोडायचं होतं, म्हणून आईनं डब्यात दही दिलं होतं — निघणाऱ्याच्या हातावर दही घातल्याशिवाय आमच्याकडे कोणाला पाठवत नाहीत. पाणी शांत होतं. म्हटलं, इथेच देऊन टाकू. शिडाची दोरी बांधून टाकली — वारा आला की झटकन सोडता यावी म्हणून जी कधीच बांधायची नसते! — सुकाणूचा दांडा काखेत धरला आणि सरकून तिच्या शेजारी बसले. दोघी एकाच अंगाला.

"येते म्हण," मी तिच्या तळहातावर दही घालत म्हटलं.

आणि वारा आला. भसकन. आमची बाजू खाली गेली, पाणी आत यायला लागलं. माझ्या हातात डबा, तिच्या हातात दही, आणि ती दोरी काही सुटेना...

तेवढ्यात समोरची उचललेली बाजू हळूच खाली आली. जड माणूस सांभाळून टेकावा, तशी. वारा पडला म्हणावं तर शीड तसंच फुगलेलं. आणि तळाचा तो ढिला पट्टा — मी माझ्या डोळ्यांनी पाहिला — वर ताणला गेला होता.

केतकी बघत राहिली. मग तिनं दही चाटलं, हात पँटला पुसला.

"सरक तू," मला म्हणाली. आणि त्या रिकाम्या बाजूकडे बघून, अगदी हळू, "दादा, बैठे रहना हं... मी आणते नाव."

काठापर्यंत तिनंच आणली. उतरायच्या जरा आधी पट्टा सैल पडला. नाव हललीसुद्धा नाही.

"काय म्हणतं तुझं फिजिक्स?" तिनं विचारलं.



नंतर मी किती वेळा आकडेमोड केली. आम्ही दोघी खालच्या अंगाला असताना ती नाव सरळ होत नाही.

त्या संध्याकाळी प्लॅटफॉर्मवरून केतकीनं फोन करून होकार कळवला. आता ती भोपाळला मुलांना शिडाची नाव शिकवते.