पुढच्या खोलीतली वर सरकणारी खिडकी

आमचं घर म्हणजे झाशीच्या रेल्वे वसाहतीजवळच्या एका जुन्या बंगल्याचा अर्धा भाग. सासऱ्यांनी तो रेल्वेतल्याच एका अँग्लो-इंडियन कुटुंबाकडून घेतला होता. त्या घराच्या खिडक्या दारासारख्या उघडत नाहीत. काचेची दोन तावदानं एकावर एक बसवलेली. खालचं वर सरकवायचं, वरचं खाली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आतून पोकळी असते, तिथे दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात. दोरी कप्पीवरून तावदानाला बांधलेली, म्हणून जड तावदान हाताला हलकं लागतं. हे सगळं मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी त्या नुसत्या न उघडणाऱ्या खिडक्या होत्या. दर दोन-तीन दिवाळ्यांनी त्यांच्यावर तेलरंगाचा आणखी एक हात बसायचा आणि त्या अधिकच घट्ट व्हायच्या.

यजमान सिंचन खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा थंडीत एका सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांचा पलंग पुढच्या खोलीत टाकला, कारण तिथून न्हाणीघर जवळ. तीन आठवड्यांनी त्यांना शब्द फुटले, ते हिंदीत.

"पानी दीजिए," ते म्हणाले.

मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी हिंदी बोललो नव्हतो. बाहेर सगळं हिंदी, बाजारात बुंदेली, पण घरात शिरलं की आम्हा दोघांत मराठी. ते मला 'अगं' म्हणायचे, 'तू' म्हणायचे. त्यांची हिंदी मात्र कचेरीतली, म्हणून आता मी 'आप' झाले होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. जी भाषा येते ती येऊ द्या. भोपाळच्या लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा तो ठीक बोल रहे हैं." ती लहानपणापासून त्यांच्याशी हिंदीच बोलत आलेली. तिला काही बदललेलं दिसेचना.

फेब्रुवारी सरता सरता उकाडा सुरू झाला. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी डाव्या हाताने समोर बोट दाखवलं. "खिड़की खोलिए."

मी ढकलून पाहिली, सुरीने फट मोकळी करून पाहिली. हलली नाही. मग ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा बोलावला. त्याने माप घेतलं आणि म्हणाला, "चौखट समेत उखाड़ देंगे माताजी, दो दिन में स्लाइडिंग लगा देंगे."

यजमानांनी डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला. "नहीं." पुन्हा आपटला. "नहीं, नहीं." चेहरा लालबुंद झाला. रक्तदाब चढेल म्हणून मी त्या माणसाला घाईने वाटेला लावलं. मला रागही आला होता. दिवसभर त्यांचं सगळं करणार मी, आणि खिडकीचा निर्णय मात्र त्यांचा!

शेजाऱ्यांनी जवळच्या बबीना छावणीतल्या एका सुतारमिस्त्रीचा पत्ता दिला. तिथल्या जुन्या बंगल्यांची लाकडी कामं त्याने आयुष्यभर केली होती. सत्तरीचा असेल. सकाळच्या बसने आला, चहा नको म्हणाला, गूळ-पाणी घेतलं आणि एक जाड दाभण काढून चौकटीत जागोजागी खुपसत बसला. खालच्या तावदानाच्या तळच्या पट्टीत दाभण लोण्यात शिरावा तसा गेला. बाकी कुठेही शिरला नाही.

"भाभीजी, सागौन है," तो म्हणाला. "नीचे की पट्टी सड़ गई है, बस. बाकी अबै हमसे ज्यादा चलहै." लाकूड सागवानी होतं, बाकीचं अजून त्याच्याहून जास्त टिकणार होतं.

त्याची एक अट होती. रंग खरवडायचं काम तो करणार नाही, गुडघे साथ देत नाहीत. ते घरच्यांनी करायचं. घरचे म्हणजे मीच. त्याने कडेच्या पट्ट्या काढून खालचं तावदान बाहेर घेतलं आणि ओसरीवर दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. पुढचे पाच दिवस यजमानांचं जेवणखाण आटोपलं की मी नाकातोंडाला ओढणी बांधून पाणी मारत मारत रंग खरवडत होते. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. तिसऱ्या दिवशी माझा हात निसटला आणि तावदानातल्या एका काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. एक आधीच फुटकी होती, आता दोन झाल्या. जुनी पातळ काच होती, जराशी लहरदार. तशी झाशीत मिळाली नाही, म्हणून जाड काच आणली.

काच फोडल्याचं मी यजमानांना लगेच सांगितलं नाही. रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "आपका हाथ? कटा?" मी हात दाखवला. कापला नव्हता.

मिस्त्रीने तळची पट्टी नवी केली. झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावाहून मागवलेलं अळशीचं तेल आणि खडूची भुकटी मळून काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, तयार केली. पुरीच्या कणकेसारखी ती मळायचं काम मला बरं जमलं. चौकटीच्या कुशीत एक छोटं लाकडी झाकण निघालं. त्यातून हात घालून त्याने लोखंडी वजन बाहेर काढलं, लांबट, काकडीएवढं. दुसऱ्या बाजूचं वजन नव्हतंच. त्याने लोखंडी नळीच्या तुकड्यात भंगार ठोकून तेवढ्याच वजनाचं एक बनवलं, नव्या दोऱ्या ओवल्या, तावदान बसवलं. वर उचललं आणि सोडलं, तर ते सावकाश खाली आलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. मिस्त्री कप्पीत तेल घालत राहिला.

पलंगावरून आवाज आला. "काँच मोटा है."

आम्ही दोघं वळलो. यजमान उशीला टेकून बसले होते. "काँच मोटा है. पल्ला भारी हो गया. तौलिए."

"कैसे तौलें बाबूजी? इत्तो बड़ो पल्ला?"

त्यांनी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बोट केलं. तो त्यांच्याच वजनासाठी आणलेला. मग मला म्हणाले, "पहले आप अकेली. फिर पल्ला लेकर."

मी काट्यावर उभी राहिले. मिस्त्रीने आकडा वाचला. मग सोडवून घेतलेलं तावदान पोटाशी धरून उभी राहिले. मिस्त्री हसू दाबत होता. मीही हसले आणि आकडा नाचायला लागला. "हिलिए मत," यजमान करड्या आवाजात म्हणाले. अगदी त्यांच्या कचेरीतला आवाज. त्यांनी वजाबाकी केली, निम्मं केलं, त्यातून मिस्त्रीने आधीच तोललेल्या लोखंडी वजनाचा आकडा वजा केला, कागद मागून डाव्या हाताने दोन वेडेवाकडे आकडे लिहिले. दोन्हीकडे किती वाढवायचं ते. मिस्त्रीने वजनांवर लोखंडाच्या चकत्या तारेने बांधल्या. या खेपेला तावदान जिथे सोडलं तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एव्हाना चार पावलं टाकू लागलेले यजमान काठी टेकत खिडकीपर्यंत आले आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी खिडकी वर केली. मी मागे उभी होते, पडले तर धरायला. पडले नाहीत.

मराठी परत आली ती पुढच्या महिन्या-दीड महिन्यात, हळूहळू. पहिला शब्द आठवत नाही. खिडकीमुळे आली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिले होते, ते मी रोज करून घेत होते. अजूनही दमले की ते हिंदीत जातात, आणि मीही मग हिंदीतच उत्तर देते.

मिस्त्रीने आणखी एक खिडकी केली. उरलेल्या दोन दिवाळीनंतर करतो म्हणाला, पण त्याचे गुडघे फारच बिघडले. तिसरी मी शेजाऱ्यांच्या मदतीने सोडवली. ती सरकते, पण वर थांबत नाही, तिच्याखाली लाकडाची खुंटी लावते. चौथीत कूलर बसवलेला आहे, तिला हात लावलेला नाही. पुढच्या खोलीत मात्र आता रस्त्याची धूळ येते. टेबल दिवसातून दोनदा पुसावं लागतं.