मागच्या खोलीतला हिवाळा

वाफबाईंच्या हातांना थंडी कधी माहीतच नव्हती. बावीस वर्षं त्या रस्त्यालगतच्या खोलीत इस्त्री करत उभ्या होत्या. बाहेर माणसं कुडकुडत असली तरी आत भिंतींना घाम फुटलेला असे. गल्लीनंच त्यांना वाफबाई केलं होतं. नवरा कपडे आणायचा, काट्यावर तोलायचा, पोचवायचा आणि उरलेला जीव काचेच्या पेटीतल्या सापाला लावायचा. तांबूस रंगाची, अडीच हात लांब, बिनविषारी मादी. तिला तो बाईसाहेब म्हणे.

"घरात दोन बायका," तो गिऱ्हाइकांना सांगे. "एकीची जीभ दुभंगलेली, पण बोलते ती दुसरीच."

दरवर्षी थंडी सुरू झाली की तो पेटी उचलून मागच्या खोलीत नेई. तिथे चूल नाही, ऊन नाही, भिंत बाहेरच्या वाऱ्याला लागलेली. "मुक्या जिवाला कुठे नेऊन टाकता हो?" वाफबाई करवादत. गिऱ्हाइकं घाबरू नयेत म्हणून नेत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

उन्हाळ्यात तो गेला. दवाखान्यातल्या खाटेवर त्यांचा हात धरून एवढंच म्हणाला, "तिला जप गं."

आणि त्यांनी जपलं. या थंडीत पेटी मागे जाऊच दिली नाही. उलट इस्त्रीच्या टेबलाला खेटून ठेवली आणि पेटीवरचा उबेचा दिवा पूर्ण मोठा केला. लेक म्हणाली, "आई, माझ्या बाळंतपणात मला एवढी ऊब मिळाली नव्हती!"

त्याच सुमारास बाईसाहेबांनी खाणं सोडलं.

गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात भिजवून वाफबाई चिमट्यानं पुढे धरत. ती त्याच्याकडे बघायचीही नाही. एक आठवडा, दोन, पाच, आठ. कपड्यांच्या काट्यावर पिशवीत घालून तोललं, तर दर खेपेला काटा थोडा मागे. पाठीचा कणा कातडीखालून दोरीसारखा दिसू लागला.

आणि संध्याकाळी सहा वाजता ती उभी राहू लागली. खिडकीतला उजेड गेला की अर्धं अंग काचेवर ताणायची आणि मागच्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून तशीच थांबायची. हलायची नाही. वाफबाईंनी पेटी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पेटीत फिरली आणि पुन्हा त्याच दाराकडे.

सहाला नवरा फेरीवरून परतायचा, त्या खोलीतल्या मागच्या दारानं.

"कुणाला बघते गं ती?" लेकीनं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चपला घातल्या. "देऊन टाक कुणाला तरी. मला नाही बघवत. तिलाही आणि तुलाही."

"तुझ्या बाबांनी मागितलेली शेवटची गोष्ट आहे ती. माझ्या हातून मेली, तर मी तोंड कुणाला दाखवू?"

शेवटी पेटी कापडात गुंडाळून त्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी साप हातावर घेतला, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं.

"आजार काही नाही. ठेवता कुठे?"

वाफबाईंनी सगळं सांगितलं.

"खिडकीतून दिवस लहान झालेले दिसतात हिला. खायचं बंद, असं अंग सांगतंय. पण तुमच्या उबेत ते अंग झोपत नाही, जळत राहतं. थंडीत उपाशी राहिली तर झिजत नाही फारशी, उबेत झिजते. पोट रिकामं आहे ते बरंच आहे, गारठ्यात अन्न पचत नाही. हळूहळू गार करा. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा."

"गार करू? मरेल ती!"

"आजवर कशी जगली मग?"

घरी येऊन त्यांनी दिव्याचं फिरवायचं बटण चष्मा लावून पाहिलं. त्याच्या कडेला पेन्सिलीच्या पाच बारीक रेघा होत्या. साप घरात आल्यापासून नऊ वर्षं पेटी पुसताना त्यांना तो मळ वाटला होता.

पेटी मागे गेली. दर तीन दिवसांनी एक रेघ खाली. पाचव्या रेघेला दिवा विझला. संध्याकाळी सहाला वाफबाई दार किलकिलं करून बघत. काचेवर कुणी उभं नव्हतं. बाईसाहेब पेटीतल्या पालथ्या लाकडी डब्याखाली वेटोळं करून पडली होती.

महिना गेला. एके दुपारी त्यांना राहवलं नाही. डबा उचलून त्यांनी बोटं तिच्या अंगावर ठेवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तो गारवा त्यांच्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात, दवाखान्यात, शेवटी त्यानं धरलेला हात असाच होत गेला होता. तो सोडवून घ्यायला त्यांना फार वेळ लागला होता.

या वेळी त्यांनी हात पुन्हा ठेवला. ठेवूनच दिला. मागच्या दाराची कडी वाऱ्यानं वाजली, की आणखी कशानं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

कितीतरी वेळानं अंगठ्याला काहीतरी केसाएवढं लागलं. पुन्हा लागलं. जीभ.

वाफबाईंनी डबा जागेवर ठेवला आणि दार लोटून घेतलं. पुढच्या खोलीत इस्त्री तापत होती. बटणावरच्या पाच रेघा अजून चढायच्या होत्या, पण त्यासाठी दिवस आणखी लांबायला हवे होते. घाई करून चालणार नव्हतं.