‘वेचणी’ फोल्डरमधलं दुसरं गाणं

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. संशय मात्र आहे. तो कोणावर घ्यावा हे ठरत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

यवतमाळचं नाव बातम्यांत एकाच कारणासाठी ऐकू यायचं, त्या वर्षांत मी आर्णीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते. पत्रकार येत, शेतांतली शांतता टिपून नेत. मला तिथली गाणी हवी होती. कापसाची पहिली वेचणी सुरू होण्याआधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात — दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तो शिंपडायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. जवळच्याच एका गावातल्या रुखमामावशींच्या घराण्यात बोंड वेचण्याआधी एक गाणं असे. ते त्याच दिवशी, शेतातच म्हणायचं. घरी गुणगुणायचंसुद्धा नाही. शेवटची कडवी मावशी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, तोंड करून इतक्या हळू म्हणत, की मागे उभ्या बायकांना ती कधी ऐकूच आली नाहीत. आणि अगदी अखेरीस, गाणं पुढे जिच्याकडे जायचं तिचं नाव.

एका वर्षी माझा छोटा रेकॉर्डर मी मावशींच्याच हातात दिला. उन्हात तडकणाऱ्या बोंडांचा कोरडा वास, दह्याचा आंबूस गारवा, काचेच्या बांगड्यांची किणकिण… आणि धुऱ्याकडे वळता वळता त्यांना खोकला आला. थांबेचना. शेवटी डोळे पुसत त्या हसल्या, “बाकीचं पुढच्या साली.”

पुढच्या सालाआधीच नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं आणि मावशींचा आवाज गेला. लिहिता त्यांना येत नव्हतं. शेत आता मुलगी सुनंदा पाहत होती, पण गाणं तिला अर्ध्यापर्यंतच ठाऊक होतं. भेटायला गेले तेव्हा मावशींनी माझा रेकॉर्डर छातीशी धरला, तो सोडेनात. मी तो तिथेच ठेवून आले.

आता संगणकाविषयी. आमच्या लॅबमध्ये लिनक्स होतं, आणि लॅब गजभिये सरांच्या ताब्यात. मला फायली हलवता येत नाहीत हे पाहून त्यांनी एक सोय करून दिली होती. मशीनमध्ये त्यांनी एक नियम लिहिला: माझा, याच क्रमांकाचा रेकॉर्डर यूएसबीला जोडला, की एक स्क्रिप्ट आपोआप चालावी, त्यातली रेकॉर्डिंग ‘वेचणी’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरावीत आणि ‘टिंग’ असा बारीक आवाज व्हावा. दुसरं काहीही जोडलं, तर मशीन गप्प.

पुढच्या सालच्या सीतादहीच्या आदल्या दिवशीची दुपार. मी प्रश्नपत्रिका टाइप करत होते, सर पलीकडे बिघडलेला माऊस उघडून बसले होते… आणि ‘टिंग’ झालं.

मी यूएसबीच्या जागा पाहिल्या. सगळ्या रिकाम्या. ‘वेचणी’त मात्र मावशींच्या अर्धवट गाण्याशेजारी एक नवी फाइल होती. सरांनी मशीनच्या नोंदी उघडल्या: रेकॉर्डर जोडला, क्रमांक जुळला, रेकॉर्डर काढला.

मी म्हणाले, “सर, चेष्टा असेल तर आताच सांगा.”

“मॅडम, रेकॉर्डर तुमचा, गाणं तुमचं, फोल्डरचं नाव तुम्हीच ठेवलं. अन् चोर मी?”

फाइल लावली. तेच शेत, त्याच बांगड्या, मावशींचा तोच किंचित राठ, उन्हात वाळलेला स्वर. खोकल्याची जागा आली आणि गेली. गाणं पुढे चालूच राहिलं! मी कधीही न ऐकलेली कडवी… आणि शेवटी नाव. सुनंदाचं.

सरांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. त्यांनी एवढंच विचारलं, “आधी सांगा, हे तुम्ही केलं नाही ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या लॅपटॉपवर ते गाणं घेऊन आम्ही दोघे शेतात पोहोचलो. विचारल्यावर कळलं, रेकॉर्डर घरी मावशींच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली होता. त्याचे सेल सुनंदानं कधीच काढून टॉर्चमध्ये घातले होते. मी गाणं ऐकवलं. आईचा आवाज ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

“मॅडम, कोनाकडून गाऊन घेतलं? माह्या मायच्या आवाजाची नक्कल कायले केली?”

मी शपथ घेतली, सरांनीही घेतली. तिचा विश्वास बसला नाही.

“मायले ऐकवा. तिनं मान हलवली तरच मी म्हनीन.”

मावशी तुरीच्या ओळीशी बसल्या होत्या, गळ्याभोवती पदर गुंडाळून. गाणं सुरू झालं तसे त्यांचे ओठ हलू लागले. खोकल्याच्या जागेपर्यंत शब्दांबरोबर. त्यानंतर शब्दांच्या किंचित पुढे. जे कडवं यायचं होतं, ते ओठांवर आधी येत होतं. नाव आलं तेव्हा त्यांनी सुनंदाचं मनगट धरलं आणि तिचं तोंड धुऱ्याकडे वळवलं.

सुनंदा हळूच गायली. आम्हाला ऐकू आलं नाही, आणि येऊही नये. मग पहिलं बोंड वेचलं गेलं.

सरांनी तो नियम पुढे पुसून टाकला. क्रमांकाची नक्कल करता येते, असं त्यांनीच मला सांगितलं. आवाजाचं काय, असं विचारलं की ते विषय बदलतात. आजही भेटलो की ते माझा चेहरा न्याहाळतात आणि मी त्यांचा. सुनंदा मला चहा देते, पण त्या दिवसाबद्दल विचारत नाही.

दोन्ही फायली माझ्यापाशी आहेत. कितीदा तरी शेजारी-शेजारी लावून ऐकल्या. सुरुवातीपासून हुबेहूब एक — तोच वारा, दुरून तीच बैलाची घुंगरं, मधेच कोणा बाईचं तेच खुदकन हसणं. मग ती जागा येते. एका फायलीत मावशी खोकतात. दुसरीत, त्याच क्षणी, त्या फक्त श्वास घेतात.