मामांची परीक्षा

“बॉलकडं काय बघतोस? तो कुठं जात न्हाई. माणसाकडं बघ.” आमचे ट्रेनर हे मैदानाच्या कडेला उभे राहून जर्मनमध्ये ओरडायचे, पण हेल अस्सल कोल्हापुरी. जर्मन पोरांना ते बरोबर कळायचं.

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये ते लेथवर काम करत आणि संध्याकाळी विद्यापीठाचा फुटबॉल संघ सांभाळत. चोवीस वर्षं. मी पुण्याहून पीएचडीला आलो आणि त्यांचा गोलकीपर झालो. पहिल्या दिवशी ‘काका’ अशी हाक मारली, तर पोरं हसत सुटली. तिथली लहान मुलं ‘शी’ला ‘काका’ म्हणतात. मग ‘मामा’ म्हणालो. तिथे मामा म्हणजे आई.

“मामाच म्हण,” ते म्हणाले. “आईला कोण नावं ठेवत न्हाई.”

चूक दिसली की चूक सोडून भलतंच विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा सरावात मी पाच गोल खाल्ले. मामा जवळ आले. “गोल सोडून काय खाल्लंस आज?” प्रयोगशाळेत माझं काहीच जमत नव्हतं, सकाळपासून पोटात नुसती कॉफी होती. त्यांनी मला बाकावर बसवून आपल्या डब्यातली चपाती-भाजी संपवायला लावली.

मग विद्यापीठाचा नियम आला : ट्रेनरकडे लिट्सेन्ट्स, म्हणजे परवाना हवाच. मामांकडे कसलाच कागद नव्हता. पोरांनी निषेधाचं पत्र लिहिलं. मामांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. “नियम हाय, तर शिकायचं.” साठीला टेकलेला माणूस विशीतल्या मुलांबरोबर वर्गात बसला. मी त्यांचा अभ्यास घ्यायचो.

लेखी परीक्षेत प्रश्न होता : खेळाडू पुन्हापुन्हा चुकत असेल तर काय कराल? मामांनी लिहिलं, ‘जेवलास का, असं विचारेन.’ ते नापास झाले.

“परत बसा ना,” मी म्हणालो.

“उत्तर तेच लिहीन की.”

त्या गुरुवारी सरावाला त्यांनी स्वतःच संघाला सांगितलं, की आपण नापास झालो, आता ट्रेनर दुसरा. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या लुकासकडे परवाना होता. तो ट्रेनर झाला. मामा त्याचे मदतनीस म्हणून राहिले, चेंडूत हवा भरायला, पाणी आणायला. पहिल्याच मॅचला मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोलांनी मागे. लुकासने हळूच विचारलं, “काय करू?”

“जा, बोल त्यांच्याशी. टीम तुझी हाय,” मामा म्हणाले आणि बाटल्या भरायला गेले. मी मागून गेलो, तर नळाखालची बाटली भरून वाहत होती आणि ते भिंतीकडे बघत उभे होते. ती मॅच आम्ही हरलो.

हंगाम संपताना ते निवृत्त झाले. आता कोल्हापुरात असतात. जाण्याआधीच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते प्रेक्षकांत येऊन बसले. माझं बोट दुखावलं होतं, म्हणून मीही शेजारी. आमच्या पोरांनी छोटे छोटे पास देत चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मामा पुढे वाकून बघत होते.

“काय सुरेख खेळत्यात रं ही पोरं,” ते म्हणाले. “कडेला उभं राहून वरडण्यात मला दिसलंच न्हाई.”